मेहुण्याची अमेरिकन दारू

आख्ख्या नागपुरात अमेरिकन व्हिस्कीपायी बदनाम झालेला आणि तिचा एक थेंबही न चाखलेला माणूस एकच आहे, आणि तो नेमका माझा मेहुणा आहे. लकडगंजात आरा मशीनवर त्याचा जन्म गेला. एकदा फोनवर त्यानं पाहिलं, की तिकडं ओकची कोरी पिंपं करतात, आतून जाळून कोळसा करतात आणि त्यातच दारू वर्षानुवर्षं निजवतात. "चांगल्या लाकडाले जाळतेत, भाऊजी," म्हणत त्यानं फोन माझ्या नाकापुढं धरला. तेव्हापासून हा बिघडला तो बिघडलाच. वापरलेलं पिंप त्या दारूला पुन्हा चालत नाही, अर्ध्याच्या वर मका लागतो, पिंप जाळायचं कुण्या पाद्र्यानं काढलं असं लोक सांगतात पण त्यात काही दम नाही, हे सगळं तो लग्नात, बारशात, दवाखान्यात, कुठंही सांगे. माझ्या पोरीला पाहायला पाहुणे आले, सगळे सुपारीचं खांडही न खाणारे, तर हा सांगत बसला, की तिकडं दारूबंदी होती तेव्हा डॉक्टर चिठ्ठीवर व्हिस्की देत. मी लाजेनं मोरीत जाऊन उगीच पाय धूत बसलो. "मग तू काहून पेत नाही गा?" असं कोणी विचारलं की म्हणे, "समजा पेलो, अन आवडली नाही, तं मंग मी काय करू?"

त्याचं ऐकून घेणारी जगात एकच, त्याची बहीण, म्हणजे माझी बायको. दर रविवारी हा आमच्या सैपाकघराच्या उंबऱ्यावर बसे, ती भाजी निवडे. मागच्या खेपेचं आंबवण पुढच्या खेपेत टाकतात, असं त्यानं सांगितलं तर ती म्हणाली, "म्हंजे विरजणच झालं की गा." तो आठवडाभर "बाईले समजलं" म्हणत फिरला. मग सागवानाचं लहानसं पिंप आतून जाळून, त्यात देशी भरून, त्यानं आमच्या गच्चीवर ठेवलं. ऐन मे महिना. पिंपातून जी उडून जाते तिला तिकडं देवदूतांचा वाटा म्हणतात म्हणे. उघडलं तर तळाशी वाटीभर काळं पाणी. बायको म्हणाली, "नागपूरचे देवदूत जास्तच पेतेत गा." ती दोघं हसत होती, अन मी ओरडत होतो, शेजारी काय म्हणतील.

यंदा होळीच्या आधी ती गेली. तेरवीनंतरच्या रविवारी तो आला, उंबऱ्यावर बसला आणि चौकटीच्या लाकडावर नख ओढत राहिला. माझ्याजवळ दुखवट्याला आलेले दोन म्हातारे होते. थोड्या वेळानं तो उठला. "येतो भाऊजी. आता पाहू, कसं जमते तं." मला कळलं, बहिणीपायी येत होता, आता नाही येणार. राहा म्हणायला माझी जीभ रेटेना. जन्मभर तर मी त्याला टाळलं. त्याची एक चप्पल पायात गेली होती. मी त्या म्हाताऱ्यांपुढंच म्हणालो, "काय गा, त्या व्हिस्कीले रंग कुठून येते?"

म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. बायको जाऊन महिना नाही झाला, अन याला दारू सुचली, हेच त्यांच्या मनात. माझे कान तापले. तो वळला.

"पिंपातून, भाऊजी. काढतेत तेव्हा पाण्यासारखी राहते," चप्पल काढत तो म्हणाला. "रंग मागून चढते."

म्हातारे उठून गेले. मी प्यायला लागलो असं गल्लीत झालं, ते अजून आहे.

तो येतो रविवारी. चहा मीच करतो, फार वाईट होतो. तो निमूट पितो, अन मी दुसरीकडे पाहतो.