मामेसासऱ्यांचं विमान

विमान हवेत कसं राहतं हे ज्याला ठाऊक नाही, असा माणूस हिंगोली जिल्ह्यात सापडला तर त्याला माझे मामेसासरे अजून भेटलेले नाहीत असं खुशाल समजावं. नरसीजवळ त्यांची थोडी शेती आणि बऱ्याच शेळ्या आहेत. शेळ्या राखायच्या तर नजर खाली हवी. मामांची कायम वर. घार दिसली की हे जागच्या जागी उभे. "बघा जावईबापू, पंख हालवून राहिली का? न्हाई! नुसतं शेपूट वळवलं, अन् कशी बराबर फिरली!" तोवर शेळ्या दुसऱ्याच्या हरभऱ्यात शिरलेल्या असतात आणि हरभऱ्याचा मालक मामांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत येत असतो. मामा त्यालाही घार दाखवतात.

एसटीत त्यांच्या शेजारी बसणं म्हणजे तर फुकटची शिकवणीच. खिडकीतून हात बाहेर काढायचा, तळवा सपाट धरायचा आणि पुढची कड जराशी उचलायची. "हवा खाली ढकलल्या जाते म्हनून हात वर जातो. पंखाचं काम हेच. पर लई उचलला की हवा साथ सोडते, हात धपकन खाली!" मागून कंडक्टर खेकसतो, "ओ काका, हात आत घ्या, तुटंल!" एकदा मला दुर्बुद्धी झाली. पंखांवर भागतंय तर शेपूट कशाला, असं मी विचारून बसलो. जवळा बाजार हे गाव आलं तरी उत्तर संपेना. मतलब एवढाच की पंख उचलतात आणि शेपूट सांभाळतं. आडवं शेपूट नाक खाली-वर होऊ देत नाही, उभं शेपूट तोंड सरळ ठेवतं.

ही सगळी अक्कल बिनकामाची, असं मामींचं ठाम मत. पण नेमकी त्याच अकलेची गरज पडायची वेळ आली. बंगळूरला असलेली त्यांची लेक पहिलटकरीण. बाळंतपण माहेरीच व्हायचं होतं, डिंकाचे लाडूसुद्धा वळून झाले होते. पण डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठायचीच मनाई केली आणि आईला लगेच बोलवा म्हणाले. तिच्या नवऱ्यानं नांदेडहून विमानाची तिकिटं काढली. मामींनी हातपाय गाळले. "लेकरासाठी जीव देईन मी, पर असा अधांतरी न्हाई देनार!" फोनवर तिकडे लेक रडायची, इकडे मामी.

मामींची भीती घालवायला मामांनी पुठ्ठ्याचं विमान करायला घेतलं. नाकात वजनाला खिळा, आणि पंख-शेपूट चिकटवायला ज्वारीच्या पिठाची दाट खळ. सकाळी मामींना अंगणात खुर्चीवर बसवलं, विमान ओट्यावर ठेवलं आणि मामा पाठ करून वाऱ्याचा अंदाज घेऊ लागले. तेवढ्यात खळीच्या वासानं त्यांचीच लाडकी शेळी आली आणि तिनं विमानाचं शेपूट मुळासकट फस्त केलं. मी "अहो मामा..." म्हणेपर्यंत त्यांनी न बघताच विमान उचलून सोडलंसुद्धा. ते कोलांट्या खात गेलं आणि मामींच्या पायाशी नाकावर आपटलं.

"पाह्यलं?" मामी म्हणाल्या.

"अगं, शेळीनं शेपूट खाल्लं ना!"

"मंग? शेपूट गेलं की खेळ खलास, व्हय ना?"

मामांना शास्त्राशी बेइमानी जमत नाही. मान खाली घालून म्हणाले, "व्हय."

मग त्यांनी दुसरं शेपूट लावलं. विमान गोठ्यावरून असं झकास तरंगत गेलं की मीसुद्धा टाळी वाजवली. मामींनी तिकडे पाहिलंही नाही. डोळे पुसून त्यांनी एवढंच विचारलं, "लेकीजवळ येळंवर पोचायला दुसरं काहीच न्हाई का?"

"न्हाई."

"मंग काहून शिकवून राहिले? चला." आणि त्या लाडवांचा डबा बांधायला आत गेल्या.

पुढचं मामींनी फोनवर सांगितलं. पंख दिसेल अशी खिडकी मामांनी हट्टानं मागून घेतली. विमानानं जमीन सोडली मात्र, मामांची वाचाच बसली. डोळे गच्च मिटून त्यांनी मामींचा हात धरला. ढगात विमान हादरलं तेव्हा मामी म्हणाल्या, "अहो, आता काय होऊन राहिलं, सांगा की!" मामा नुसते मान हलवत होते. बंगळूर येईपर्यंत मामींनीच त्यांना धीर दिला, वर लाडू भरवला. वेळेवर पोचले. नात झाली, माय-लेकरू सुखरूप.

मामी बाळंतिणीपाशी राहिल्या. शेळ्यांपायी मामांना परतावं लागलं. परतीचं विमानाचं तिकीट त्यांनी रद्द करायला लावलं आणि गर्दीच्या रेल्वेनं, अंग आंबवून घेत आले. हिंगोली स्टेशनवर मी त्यांना घ्यायला गेलो. अशी संधी मी सोडतोय होय? म्हटलं, "काय मामा, पंख-शेपूट सोडून रेल्वेनं?"

मामा हसले नाहीत. "विमानाला काय धाड भरली? पंख बराबर, शेपूट बराबर," ते म्हणाले. मग हळूच म्हणाले, "पर ती शेजारी नसली तं मला न्हाई बसवत, जावईबापू."

मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि आम्ही गाडीकडे चालू लागलो.