गराजमधले विनोदपट

जुलैत टेक्सासच्या शुगर लँडमधलं कुठलंही गराज भट्टीच असतं. शेजारच्या अमेरिकन आजोबांच्या गराजमध्ये पाऊल टाकलं आणि न धुतलेल्या मोज्यांसारखा वास आला. मी रसायनांच्या कारखान्यात सुरक्षिततेचं काम करते. असा वास आला की मी आधी आजूबाजूला काय पेटू शकतं ते बघते.

आजोबा घर विकून वृद्धाश्रमात निघाले होते. आवरता आवरता फळीवरच्या पत्र्याच्या गोल डब्यांचं काय करायचं ते विचारायला त्यांनी मला बोलावलं होतं.

त्यांच्या आईचे वडील मूकपटांचे निर्माते होते. आधी चपलांचं दुकान, मग एक भाड्याची शेड आणि दर आठवड्याला एक विनोदपट. नटांचे पैसे वाचवायला बायको, मेहुणे, शेजारी अशा सगळ्यांना ते चिखलात लोळवत. बोलपट आले आणि धंदा बसला. बरीचशी रिळं त्यांनी फिल्ममधली चांदी काढणाऱ्याला विकली आणि पुढे बर्फाचा कारखाना चालवला. मागे राहिले ते एवढेच डबे.

"यातल्या एका रिळात माझी आई आहे," आजोबा म्हणाले. "चार वर्षांची. तिचा लहानपणीचा एकही फोटो नाही. मला ती एकदा बघायची आहे."

मी गॅसच्या वॉटर हीटरकडे बघत होते. तो डब्यांपासून हातभर लांब होता. त्या काळची नायट्रेटची फिल्म सडली की नुसत्या उकाड्याने पेटू शकते, आणि पेटली की पाण्यानेही विझत नाही. भिंतीपलीकडे आजोबांची झोपायची खोली होती.

"दाराचं बटण दाबू नका, ठिणगी उडेल. दार हातानेच वर ढकलू या."

नवऱ्याला फोन केला. तो हसला. "अगं, कॉमेडीला घाबरणारी तू पहिलीच!"

"चेष्टा नंतर कर. त्यांच्या दारातली आपली गाडी काढ आधी."

फायर डिपार्टमेंटची माणसं येईपर्यंत मी एका फिल्म संग्रहालयातल्या बाईंना गाठलं. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "डबे हवाबंद आहेत का?"

होते. इथल्या दमट हवेपासून जपायचं म्हणून गेल्या वर्षी वारलेल्या आजी दर वसंतात नवी चिकटपट्टी लावत. या फिल्ममधून वायू निघतो, तो कोंडला की फिल्म स्वतःलाच खाते, असं बाईंनी सांगितलं. चिकट झालेली रिळं आता वाचणार नव्हती.

मागच्या हिरवळीवर, सावलीत, आग पसरू नये म्हणून पाण्याचा पाइप रोखून उभ्या असलेल्या माणसांसमोर मी एकेक डबा उघडला. पहिल्यात तपकिरी पाक होता. दुसऱ्यात भुकटी. तिसऱ्यातही भुकटीच.

"किती जपलं होतं तिने," आजोबा म्हणाले. मी पुढचा डबा घेतला.

शेवटच्याचं झाकण चेपलेलं होतं. आजोबांच्याच हातून तो कधीतरी पडला होता आणि त्यावरून आजींनी त्यांना वर्षानुवर्षं ऐकवलं होतं. त्यावर पट्टी कधी टिकलीच नाही. आतली फिल्म कोरडी होती.

पण त्यात आई होती का? कोणालाच माहीत नव्हतं. रीळ रीतसर, धोकादायक माल म्हणून संग्रहालयाकडे गेलं. आजोबांची जायची तारीख जवळ येत राहिली आणि मी दिवसातून दहा वेळा ईमेल बघत राहिले.

कॉपी आली तेव्हा त्यांचं सामान ट्रकमध्ये चढत होतं. आमच्या टीव्हीवर लावली. जाडा पोलीस, उलटलेली गाडी, पिठाची पोती. फिल्म संपत आली तरी लहान मूल दिसेना. तेवढ्यात एक चिमुरडी फुगलेल्या गालांनी पडद्यावर आली आणि हटून उभीच राहिली. मग कडेने एक बाही वर केलेला हात आला आणि त्याने तिला पुढे ढकललं.

"हे माझे आजोबा!" आजोबा ओरडले. "पुन्हा शूट करायला फिल्म लागली असती ना!"

मुलीने वळून त्या हाताकडे रागाने पाहिलं.

"परत लाव," आजोबा म्हणाले. ट्रकवाला दारात उभा होता. मी त्याला थांबायला सांगितलं.