उत्तरेच्या कोपऱ्यातलं कासव

मला कासव आवडत नव्हतं. हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून कोणीतरी मला प्राणिप्रेमी ठरवेल, आणि त्या शब्दाचा मला राग येतो. लेक कॉलेजात असताना तिने इंदूरच्या राजवाड्याजवळच्या एका शोभेच्या माशांच्या दुकानातून ते आणलं, तेव्हा ते बिस्किटाएवढं होतं. हिरवं, कानाजवळ लाल पट्टा. दुकानदार म्हणाला होता, "दीदी, बस कटोरी में रख लो, इससे बड़ा होता ही नहीं." मेल्याने धडधडीत थाप मारली होती. लेक नोकरीसाठी बंगलोरला गेली, बिस्किटाची भाकरी झाली आणि ती भाकरी माझ्या गळ्यात पडली.

कासव म्हणजे बिचारं कोपऱ्यात पडून राहतं, त्याला काय लागतं, असं म्हणणाऱ्यांना मी महिनाभर माझ्या घरी ठेवून घ्यायला तयार आहे. पाण्यातल्या ह्या कासवाला पोहायला खोल पाणी लागतं आणि पाण्याबाहेर चढून अंग पूर्ण कोरडं करायला जागा लागते. त्या जागेवर ऊब देणारा एक दिवा, आणि उन्हाचं काम करणारा दुसरा, यूव्हीबीचा. तो नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम त्याच्या अंगी लागत नाही आणि पाठ मऊ पडते. खिडकीतलं ऊन चालत नाही, काच नेमकं कामाचं तेच अडवते. पाणी घाण करण्यात तर त्याचा हात कोणी धरणार नाही. आणि त्याला हात लावला की दर वेळी साबणाने हात धुवायचे, कारण त्याच्या पाण्यातले जंतू त्याला काही करत नाहीत, पण माणसाला आडवं करतात.

हे सगळं मी वाचून, विचारून, चिडचिड करत शिकले. पलासियाला आमच्या ऑफिसात सगळे म्हणायचे, "अरे मॅडम, तालाब में छोड़ दो ना यार." ते परदेशातलं आहे, तळ्यात सोडलं तर इथल्या कासवांच्या तोंडचा घास काढतं, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. मग मी सांगणं सोडून दिलं. नवरा घरात चार शब्द बोलत नाही. संध्याकाळी मी दार उघडलं की टाकीतलं कासव मान वर काढून काचेकडे पोहत यायचं. भुकेने यायचं, मला माहीत आहे. तरी कोणीतरी यायचं ना!

आमच्याच घराच्या वरच्या मजल्यावर थोरले दीर आणि जाऊबाई. दिरांना आम्ही सगळे दादा म्हणायचो, जाऊबाईंना मी वहिनी म्हणते. दादांच्या किडन्या निकामी झालेल्या. डायलिसिसला जायचं, येऊन पडायचं, जरा उठून बसलं की पुन्हा जायचं. पाणीसुद्धा मोजून प्यायचं. डॉक्टरांचं ऐकून कंटाळल्यावर वहिनींनी एका वास्तुवाल्याला बोलावलं. तो होकायंत्र घेऊन घरभर फिरला, वहिनींनी दिलेले पोहे खाल्ले आणि म्हणाला, "भाभीजी, उत्तर दिशा में जल, और जल में जिंदा कछुआ. जब तक वो वहाँ है, भाईसाहब का बाल बाँका नहीं होगा." वहिनी जिना उतरून थेट माझ्या टाकीसमोर येऊन उभ्या राहिल्या.

मी नाही म्हटलं. "वहिनी, ते देव नाही, जनावर आहे."

"देवळात शिरताना आधी त्यालाच हात लावतेस ना?"

"ते दगडाचं असतं. त्याला खायला घालावं लागत नाही."

"तुला काय जातंय गं? इथे माझ्या कुंकवाचा सवाल आहे!" त्या म्हणाल्या, आणि पाय आपटत वर गेल्या.

मग चातुर्मासात लेकीचं बाळंतपण निघालं. मला बंगलोरला जाणं भाग होतं. माझ्या नवऱ्याच्या भरवशावर तर मी कुंडीतली तुळससुद्धा सोडत नाही. झक मारत टाकी, दिवे, खाणं, सगळं वर नेऊन दिलं. कधी काय करायचं ते सांगितलं, करून दाखवलं. वहिनी "हौ, हौ" करत मान हलवत होत्या. त्यांचे डोळे मात्र उत्तरेच्या कोपऱ्याकडे लागले होते.

नातवाचं बारसं करून, अडीच-तीन महिने तिथे काढून आले आणि बॅग खाली टाकून तशीच वर गेले. टाकी गच्चीवर उपडी पडलेली. देवघराशेजारच्या अंधाऱ्या कोपऱ्यात तांब्याचं घंगाळ, चकचकीत घासलेलं, त्यात वीतभर पाणी आणि पाण्यात माझं कासव. चढायला साधा दगडसुद्धा नाही. पाठीवर हळदकुंकवाचा थर, वर तुळशीचं पान. "तो दिवा देवाच्या डोळ्यांवर येत होता," वहिनी म्हणाल्या. त्याच्या खाण्यात माशाचा चुरा असतो, तर तो डबा पहिल्याच दिवशी कचऱ्याच्या गाडीत गेला. चातुर्मासात आमच्या घरात मासळी? छे! मग काय खायला घालत होता? तर सकाळी पोहे. वर शेवसुद्धा! एकादशीला साबुदाण्याची खिचडी, कारण घरातल्या सगळ्यांना उपास म्हटल्यावर त्यालाही उपास.

मी त्याला उचललं. मान आत ओढायचीही ताकद नव्हती. डोळे सुजून मिटलेले. पाठीच्या कडेला अंगठा दाबला तर ओल्या पुठ्ठ्यासारखी आत गेली.

"वहिनी, हे मरतंय."

"काहीतरीच काय बोलून राहिलीस! ध्यान लावलंय त्याने. बघ ना, डोळे मिटून कसं शांत बसलंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, मी हे आत्ता खाली नेते आहे. वहिनी घंगाळासमोर आडव्या आल्या. "नेऊन तर बघ! हे आल्यापासून ह्यांचा रिपोर्ट सुधारलाय." आणि माझ्यादेखत, मला दाखवून, त्यांनी घंगाळात पळी बुडवली आणि खाटेवरच्या दादांपुढे धरली. दादांनी सवयीने उजवा तळवा पुढे केला. तीर्थ! रोज सकाळसंध्याकाळ चाललेलं होतं हे. डायलिसिसवरचा माणूस, त्याला साधा ताप आला तरी डॉक्टर घाबरतात, आणि त्याला कासवाच्या घंगाळातलं पाणी!

मी दादांच्या हाताला फटका मारला. पाणी त्यांच्या सदऱ्यावर सांडलं.

"त्यात हगतं ते, वहिनी! अहो, हगतं त्यात!"

त्यावर जे झालं ते गल्लीने ऐकलं. तुला आमचं बरं बघवत नाही, तुझा नवरा धडधाकट आहे ना, म्हणून तुला मस्ती आली आहे, आल्यापासून ह्या घरात तू कोणाचं चांगलं चिंतलं नाहीस, सगळं. मीही काही कमी बोलले नाही. त्यांच्या माहेरापर्यंत जाऊन आले. माझा नवरा आवाज ऐकून वर आला, दारात उभा राहिला, "जाऊ दे ना आता," म्हणाला आणि परत खाली गेला. कासव वरच राहिलं, आणि त्या दिवशी मला त्याचा वहिनींपेक्षा जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी भजनाला गेल्या आणि दादांनी वरून मला हाक मारली. मला वाटलं, आता हे झाडणार, काल हातावर मारलं म्हणून. ते खाटेवरून उठून घंगाळाजवळ खुर्ची ओढून बसले होते.

"घेऊन जा हे," ते म्हणाले. "मी कोपऱ्यात पडलोय ते माझ्या नशिबाने. ह्याचा काय गुन्हा आहे? रोज बघतो मी. आधी हातपाय मारायचं, आता तेही बंद केलंय त्याने."

"दादा, पण वहिनींना..."

"तूच नेलंस म्हणून सांग. तुझ्याशी ती तशीही भांडतेच." ते जरा हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "पण मी 'ने' म्हणालो, हे तिला कधी कळू द्यायचं नाही. तिचा विश्वास बसलाय त्याच्यावर. मीच 'ने' म्हणालो हे कळलं, तर तिला वाटेल मलाच जगायचं नव्हतं. समजलं का?"

मी बरं म्हटलं आणि कासव टॉवेलात गुंडाळून खाली आणलं.

कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर इंदूरात पैशाला पासरी. कासव म्हटलं की फोन ठेवतात. शेवटी एक भेटले. त्यांनी पाठ दाबून पाहिली, कुंकवाचा लाल डाग बोटाने पुसला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. "मैडम, इसको धूप दिखाई थी कभी? और ये पूजा किसने की?" त्यांनी कॅल्शियमची, जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली. दिवसाचा बराच वेळ पाण्याबाहेर, दिव्याखाली, कोरडं ठेवायचं. खायला समोर धरायचं, खाल्लं तर खाल्लं. "बचेगा क्या?" मी विचारलं. त्यांनी नुसते खांदे उडवले.

वर वहिनींनी जिन्याचं दार आतून बंद केलं. येणाऱ्याजाणाऱ्याला गॅलरीतून ऐकवायच्या, की खाली चोर राहतात, मरणाऱ्याच्या उशाखालचं चोरणारे. वास्तुवाल्याने त्यांना काचेचं कासव विकलं आणि वर सांगितलं की ह्याचा असर जरा कमीच असतो. हरामखोर कुठला. दिवाळीला वरून फराळ आला नाही, मीही पाठवला नाही. दादा दवाखान्यात जाताना जिन्याखाली क्षणभर थांबायचे, माझ्या दाराकडे बघून भुवया उडवायचे. मी मान हलवायचे, आहे अजून. वहिनी त्यांचा दंड धरून ओढत पुढे न्यायच्या.

थंडी पडली तसा त्याचा एक डोळा उघडला, मग दुसरा. एका सकाळी त्याने माझ्या बोटातला कोळंबीचा तुकडा बोटासकट ओढला. रक्त आलं. मी स्वयंपाकघरात उभी राहून वेड्यासारखी हसत होते. पाठ दाबून पाहिली, कडेला अजून थोडी लवत होती, मधे घट्ट झाली होती. दादांना सांगायला वर जावं असं फार वाटलं. पण ते दार माझ्यासाठी उघडणार नव्हतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी दादा गेले. डायलिसिस चालू असतानाच हृदय थांबलं. डॉक्टर म्हणाले, इतकी वर्षं काढली हेच खूप. मी तेरा दिवस वर राबले. वहिनींनी माझ्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले आणि एका दुपारी वहिनी खाली आल्या. मी दार उघडलं तर माझ्याकडे न बघता सरळ टाकीपाशी गेल्या. कासव दिव्याखाली चढून बसलं होतं, मान पूर्ण बाहेर, मागचे पाय ऐसपैस ताणून.

"खातंय?"

"खातं."

"डोळे उघडलेत."

"हो."

मी मनात सगळी तयारी करून ठेवली होती. आता ओरडतील, तू नेलंस आणि हे गेले म्हणतील, मग मी किडनी, हृदय, डॉक्टर, ते घाणेरडं पाणी, एकेक काढून तोंडावर मारीन. इतके महिने मी चोर ऐकत होते. माझं पोट भरलं होतं त्या शब्दाने. पण त्या ओरडल्या नाहीत. काचेवर हात ठेवून, माझ्याकडे पाठ करूनच त्यांनी विचारलं, "तू नेलंस तेव्हा हे जागे होते ना गं? ह्यांनी अडवलं नाही तुला?"

एका वाक्यात मी सुटले असते. ती बाई मला आजही सहन होत नाही, तेव्हाही होत नव्हती.

"दादा झोपले होते," मी म्हटलं. "मी चोरून नेलं."