तालमीच्या गोदामातलं पाणी

साकोलीत आमच्या ऑर्केस्ट्राची तालीम एका बिछायत केंद्राच्या गोदामात चालायची. लग्नाकार्याला गाद्या, सतरंज्या, माइक आणि भोंगे भाड्यानं देणारं ते दुकान. ऐंशी साल उलटून गेलं होतं. दर रविवारी दुपारी गाद्यांच्या थप्प्या भिंतीकडे सारून आम्हाला जागा करून मिळे. हल्ली मुलं काचेच्या थंडगार खोलीत तालीम करतात म्हणे. करोत बापडी. आमच्या गाद्या आवाज असा पिऊन टाकत, की रस्त्यावरच्या माणसाला वाटावं आत कुणी नुसतं कण्हतंय.

दुकानाच्या मालकांना आम्ही काका म्हणायचो. त्यांची अदब अशी, की दारात कुणीही आलं तरी आधी पाय धुवायला पाणी, मग प्यायला पाणी, मग खुर्ची, आणि "काय काम काढलं?" हा प्रश्न त्यानंतर. वेळ संपली हे त्यांनी आम्हाला कधी तोंडानं सांगितलं नाही. पेचकस घेऊन यायचे आणि माइकच्या स्टँडचे स्क्रू आवळत बसायचे. स्क्रू आधीच आवळलेले असायचे. सामान न्यायला गिऱ्हाईक आलं हे समजून आम्ही पसारा आवरायला लागायचो.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची, ऑर्केस्ट्रात गाणारी एकुलती एक मुलगी. आमचं घर साकोलीजवळच्या गावात, तळ्यावर मासे धरणाऱ्यांचं. पेटीवर शाळेतले एक गुरुजी असायचे. तबला आणि गिटार वाजवणारी दोन मुलं जवाहरनगरच्या दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टरमधून एसटीनं यायची.

पहिले चार-पाच रविवार मी हवेतच होते. मी गात असताना काका स्वतः उठत, गडव्यातून गिलास भरत आणि मला आणून देत. कधी एका गाण्यात दोनदा. इतरांना क्वचितच. मी आईला सांगितलं, मैत्रिणींना सांगितलं, की बघा, तिथं माझी केवढी बडदास्त ठेवतात! शेवटी पेटीवाल्या गुरुजींना राहवलं नाही.

"बाई," ते हळूच म्हणाले, "ज्याचा सूर गेला, त्याले काका पाणी देते. इथं बेसूर कोणी कोणाले म्हणत नाही."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. संतापही आला. एवढे दिवस सगळे माझी गंमत बघत होते की काय? त्या रविवारी मी कुणाशी धड बोलले नाही. पण शाळेत चारचौघांत "भसाडी" म्हणून मला खाली बसवलं होतं, ते मी विसरले नव्हते. त्यापेक्षा हा गिलास बरा. प्यायचं, दम घ्यायचा, आणि ओळ पुन्हा धरायची.

तेवढ्यात गावातल्या कुणीतरी बाबांचे कान भरले की तुमची पोरगी बँडात गाते. आमच्याकडे बँड म्हटलं की वरातीपुढचा. जवाहरनगरला गणपतीत आमचा पहिला कार्यक्रम ठरला होता, आणि त्याच्या आधीच्या रविवारी बाबांनी जाहीर केलं, "मी येतो पाहाले. जागा बरी नसन, त गाणं आजपासून बंद."

बाबांचं बंद म्हणजे बंद. माझ्या थोरल्या बहिणीची शाळा अशीच एका वाक्यात बंद झाली होती.

बाबा बाजारात मासे विकून तसेच आले. पाय चिखलाचे, अंगाला मासळीचा वास. दारात आले आणि आत न येता पायरीवरच उकिडवे बसू लागले. काकांनी पाहिलं मात्र, हातातलं काम टाकून उठले.

"अजी भाऊ, तिथं कायले बसता? आत या!"

पायांवर पाणी झालं, प्यायला पाणी झालं, आणि खुर्ची मिळाली ती नेमकी पंख्याखालची. बाबा खुर्चीच्या अगदी टोकाला बसले.

मी गायला लागले आणि पहिल्याच ओळीला सूर सुटला. थोडाथोडका नाही, पार शेताच्या धुऱ्यापलीकडे गेला. काका उठले, त्यांनी गिलास भरला. आज हा गिलास हातात आला तर मला रडू फुटणार, आणि रडणारी पोर पाहून बाबा मला हाताला धरून घरी नेणार. काका माझ्याकडे आले, माझ्यासमोरून सरळ पुढे गेले आणि गिलास बाबांपुढे धरला.

"घ्या भाऊ. लय उकडून राहिलं."

पाहुण्यानं पाण्याला नाही म्हणू नये. बाबा प्याले. दुसऱ्या कडव्यात माझा सूर पुन्हा गेला, बाबांना पुन्हा पाणी. मग तिसरा गिलास. चौथ्या गिलासाला बाबांनी माझ्याकडे असं केविलवाणं पाहिलं, की तबलेवाल्यानं मान खाली घातली आणि त्याचे खांदे गदगदा हलू लागले. मला हसू आवरेना. ते हसू ओळीतच मिसळलं, गळा मोकळा झाला आणि सूर आपल्या जागी येऊन बसला. मग गाणं संपेपर्यंत काका जागचे हलले नाहीत.

निघताना बाबांनी त्यांना विचारलं, "पोरगी कशी गाते जी?"

"घाबरली का घसरते, भाऊ," काका म्हणाले. "पण घसरली हे तिले समजते. लय जणाले तेच समजत नाही."

त्यांनी खोटं कौतुक केलं नाही, याचा मला आजही अभिमान वाटतो.

परतताना मी सायकल ढकलत होते आणि बाबा बाजूनं चालत होते. गावचा फाटा आला. शेवटी मीच धीर केला. "बाबा, गाणं कसं वाटलं?"

"गाण्यातलं मले काय समजते?" ते म्हणाले. थोडं चालल्यावर पुन्हा बोलले, "वीस वर्सं झाले साकोलीत मासे इकून राहिलो. लोकाइच्या पायरीवर टोपलं ठेवतो, पायरीवरूनच वापस येतो. आजपर्यंत कोणी आत या नाही म्हणलं."

मी सायकल त्यांच्या आणखी जवळून ढकलू लागले.

"तू जात जाय तिथं. मी संग नाही आलो तरी चालते."

सायकल मी दोन्ही हातांनी धरली होती, त्यामुळे डोळे पुसता आले नाहीत.