भाडेकरूला सोबत

घरी कोण कोण असतं असं कुणी विचारलं, की माझी ताई म्हणायची, "मी आणि माझा भाडेकरू." नव्या माणसाच्या भुवया वर जायच्या. मग ती त्याला आत नेऊन काचेची पेटी दाखवायची. पेटीत ओली वाळू, पाण्याच्या वाट्या आणि शंखात राहणारा एक खेकडा. घर दुसऱ्याचं, म्हणून भाडेकरू. ताईकडे विनोद हा एवढाच आणि तो तिने वर्षानुवर्षं पुरवून वापरला.

खेकडा मुळात तिच्या लेकीचा. कॉलेजात असताना तिने हौसेने आणला आणि नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली तेव्हा मागे ठेवला. आईलाही मागेच ठेवलं, फक्त पेटीत घातलं नाही. मी धाकटी बहीण, तिच्याच खालच्या मजल्यावर राहते. माझ्या जिभेला हाड नाही असं सगळे म्हणतात, तेव्हा हे मीच सांगितलेलं बरं. ताई असलं कधी बोलायची नाही.

ताई इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करते. मोठ्या चादरीची घडी घालायला खरं तर दोघी लागतात. जोडीदारीण आजारी पडली तेव्हा ताईने चादरीचं एक टोक कपाटाच्या दारात अडकवून एकटीने घडी घालायची युक्ती काढली. साहेबांनी तोंडभरून कौतुक केलं आणि पुन्हा जोडीदारीण दिलीच नाही. तिचं सगळं आयुष्य असंच गेलं. ती निभावून नेते, आणि निभतंय म्हटल्यावर लोक अंग काढून घेतात.

भाडेकरू अधूनमधून वाळूत खोल जाऊन बसायचा, कात टाकायला. तेव्हा त्याचं अंग लोण्यासारखं मऊ होतं. नवं कवच टणक होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही, हे ताईला अनुभवाने ठाऊक होतं. या खेपेला तो खाली गेला आणि ती लेकीला फोनवर सहज म्हणाली, "भाडेकरू खाली गेलाय गं. घर अगदी सुनं सुनं वाटतं."

झालं. लेकीने 'सुनं' तेवढं ऐकलं आणि तेही खेकड्याच्या नावावर जमा केलं. "एकटा पडलाय तो, आई. त्याला सोबत हवी." लग्न झाल्यापासून दोन वर्षं आईकडे फिरकायला सवड नसलेली ही बाई खेकड्याच्या एकटेपणासाठी रविवारी सकाळी दारात हजर. हातात भोकं पाडलेला डबा आणि डब्यात दुसरा खेकडा.

ताईने मला स्वयंपाकघरात ओढलं. "आत्ता सोडला तर वासावर खाली जाईल. हा मऊ असतो गं, खाऊन टाकतात एकमेकांना."

"मग सांग की तिला."

"इतक्या दिवसांनी आलीये. आल्या आल्या नाही कसं म्हणू?"

शेवटी मीच सांगितलं. भाची मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "मावशी, सगळं वाचून आलेय मी. आंघोळ घालायची, म्हणजे दोघांचा वास एक होतो. जादा शंख ठेवायचे, म्हणजे भांडत नाहीत."

"दुसरा वाळूखाली असताना एकालाच आंघोळ घालून दोघांचा वास एक कसा होईल?" मी विचारलं. तिने पिशवीतून जादा शंख काढले आणि पेटीत मांडायला लागली.

"थोडे दिवस बादलीत ठेवू या का?" ताईने चाचरत विचारलं.

लेकीचं तोंड उतरलं. "एवढ्या लांबून आणला मी. नको असेल तर परत नेते."

"तसं नाही गं. सोड तू. राहतील दोघं गुण्यागोविंदाने," ताई म्हणाली. तिचा आवाज मी ओळखते. धुलाईघरात साहेबांशी बोलताना ती याच आवाजात बोलते.

लेकीने फोटो काढले, जेवली आणि दुपारची बस पकडायला निघाली. ताई तिला सोडून आली ती चपला न काढता पेटीकडे गेली. नव्याला उचलून बादलीत ठेवायचं तिने केव्हाच ठरवलं होतं. पण वाळूवर कुणी नव्हतं. तोही खाली गेला होता. उकरावं तर भाडेकरू ज्या पोकळीत बसला होता ती ढासळली असती. मी नव्याला पोटभाडेकरू म्हटलं, तिला हसू यावं म्हणून. ती हसली नाही.

पुढे ती कामावरून आली की पेटीपाशीच बसायची. एका संध्याकाळी तिने मला वरून हाक मारली. वाळू हलत होती. तपकिरी शंख वर आला, कड फुटलेला, भाडेकरूचाच. "आला गं बाई," ताई म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. मग शंखातून पाय बाहेर आले. भाडेकरूची नांगी जांभळट होती. ही लाल होती.

खाली उकरल्यावर नव्याचा रिकामा शंख आणि दोन पाय सापडले, बाकी काही नाही. मला भाचीचा इतका राग आला की ती समोर असती तर काय केलं असतं कोण जाणे.

तेवढ्यात तिचाच फोन. ताईने डोळे पुसले आणि स्पीकर लावला.

"जमलं का गं दोघांचं?"

"हो. छान रमलेत."

"बघ, मी म्हटलं नव्हतं? चला, तुमची तिकडची काळजी मिटली. या सुट्टीत आम्ही सासूबाईंकडेच जाऊ म्हणतोय. चालेल ना?"

"चालेल की. जा तुम्ही."

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "आता त्या लाल नांगीवाल्याला देऊन टाक कुणाला तरी. मला बघवत नाही तो."

ताई त्याच्या वाटीत पाणी ओतत होती. "कसा देऊ?" ती म्हणाली. "ती आली की आधी त्यालाच बघायला मागेल."