लाटणं लावून गाडी ऐकणारे अण्णासो

आधीच कबूल करते. अण्णासोंना पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, माणूस गेला! अजून आठवलं की एकटीच हसत बसते.

सहा वर्षं झाली त्याला. समोरच्या घरात नवीन बिऱ्हाड आलं होतं, वारणानगरच्या कॉलनीतनं. सकाळी फुलं तोडायला बाहेर आले तर त्यांच्या दारात एक बुटकी पांढरी गाडी चालू करून ठेवलेली, आणि गाडीखालनं दोन पाय बाहेर आलेले. हलेनात. "अहो पावणं!" म्हणून हाक मारली. काही नाही. परत मारली. काही नाही. मग काय, मी बोंब ठोकली. बत्तीस वर्षं शाळेत पोरांवर ओरडलेला गळा माझा, अख्खी गल्ली गोळा झाली. एकानं पाणी आणलं, एकीनं हुंगवायला कांदा आणला. दोघांनी पाय धरून ओढलं तर अण्णासो बाहेर आले. जिवंत. तोंड काळं, हातात पोळ्यांचं लाटणं, आणि माझ्याकडं असं बघितलं की मीच गाडीखाली जाऊन झोपावं.

"काय ओ बाई, जरा गप्प बसताय का? आवाज ऐकू येईना झालाय!"

ही आमची पहिली ओळख. माणूस मेलेला नव्हता, हे त्या दिवशी कळलं. जिवंत आहे म्हणजे काय, ते पुढची सहा वर्षं कळतंय.

लाटण्याचं सांगते. अण्णासो तेहतीस वर्षं डेअरीत मशिनरीवर होते. तिथं म्हणे कुठल्या मोटारीचं काय दुखतंय ते ऐकायला लोखंडी कांब लावायचे, एक टोक मशीनला आणि एक कानाला. रिटायर झाले, कांब तिथंच राहिली. घरात मशीन एकच, ही गाडी. मग आक्काताईंचं लाटणं घेतलं. आक्काताई म्हणजे त्यांच्या मिसेस, माझी मैत्रीण. बिचारीनं सहा वर्षांत चार लाटणी आणली. चारींना ऑइलचा वास. मधे काही दिवस ती पोळ्या करायला माझ्याकडं यायची. मी म्हटलं, आक्का, नवऱ्याला सोड नाहीतर पोळ्या सोड. ती म्हणाली, "पोळ्या सोडल्या की, भाकरी करतो आता. भाकरीला लाटणं लागत न्हाय."

बरं, स्वतःच्या गाडीचं ऐकावं ना? नाही. मी स्कूटी काढली की हे दारात हजर. "बाई, मागचा ब्रेक घासतोय." दूधवाला आला की त्याच्या मोटरसायकलला कान. एकदा आमच्या हिच्या, म्हणजे माझ्या भाचीच्या, साखरपुड्याला पाहुणे आले. मुलाचे वडील गाडीतनं उतरतायत, अजून नमस्कार व्हायचाय, आणि अण्णासो म्हणतात, "पावणं, तुमचा फॅन बेल्ट संपत आलाय." पाहुण्यांचं तोंड बघण्यासारखं होतं. चहा पिऊन परत निघाले तर कात्यायनीच्या देवळापुढं बेल्ट तुटलाच. त्यानंतर मला काही बोलायची सोय राहिली नाही. खरं ठरलं की माणूस आणखी चढतो.

त्यांचा एक ग्रुपही आहे, जुन्या गाड्यावाल्यांचा. रविवारी सकाळी रंकाळ्यावर जमतात. मला वाटायचं फिरायला जात असतील. कसलं फिरणं! आठ-दहा बापये बॉनेट उघडून उभे, आणि आत वाकून बघतायत, जसं काय विहिरीत कुणी पडलंय. मोबाईलवर दिवसभर फोटो. कुणाच्या प्लगवर काजळी, कुणाचं जुनं ऑइल वाटीत काढलेलं. आक्काताईला ते वाटीतलं एकदा काकवी वाटली होती, पुढचं सांगत नाही.

आता मुख्य भानगड. ह्या मार्चमध्ये त्यांच्या दीप्तीनं नवी गाडी घेतली. दीप्ती त्यांची मुलगी, बँकेत आहे, हुशार, तोंडानं बापाच्या वर. अंगणात पत्र्याचं शेड एक, आणि शेडमध्ये जागा एकाच गाडीची. नवी गाडी आठ दिवस गल्लीत उन्हात उभी राहिली, नवव्या दिवशी कुणीतरी सायकल घासून गेलं. झालं. दीप्ती म्हणाली, "पप्पा, ती जुनी काढा आता. घेणारा माणूस मी बघितलाय. सोमवारी येतोय."

अण्णासो जेवले नाहीत त्या दिवशी. तसं त्यांच्या जेवणाचं मला कौतुक नाही, पण मी आक्काताईकडं आमटी द्यायला गेले तर हे शेडमध्ये, गाडीत, स्टिअरिंगवर हात ठेवून नुसतेच बसलेले. मी म्हटलं, "अण्णासो, कुठं निघालाय?" तर म्हणाले, "कुठं न्हाय." सायकलवरनं बावीस वर्षं ड्युटी केलेला माणूस. त्यानंतर ही घेतली, जुनीच, दुसऱ्याची वापरलेली. तिच्यातनं दोन वर्षं दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जाऊन आले, बायकोला, आईला घेऊन. आई आता नाहीत. मागच्या सीटवर त्या बसायच्या त्या बाजूची काच अण्णासो अजून दुसऱ्या कुणाला पुसू देत नाहीत.

मला जरा वाईट वाटलं. जरा.

मग मीच मध्ये पडले, नको तिथं पडायची खोडच आहे. बाप-लेकीचं भांडण होऊन असं ठरलं: रविवारी ग्रुप गगनबावड्याला निघालाय. अण्णासोंनी जुनी गाडी घेऊन जायचं आणि यायचं. वाटेत कुठंही तिला धक्का मारायला लागला, नाहीतर दुसऱ्या गाडीनं ओढून आणायला लागली, तर सोमवारी गाडी द्यायची. तशीच घरी आली तर शेड जुनीचं, नवी बाहेर. आणि पंच कोण? मी! दोघांचाही माझ्यावर विश्वास आहे असं नाही, पण मी दोघांनाही सारखीच बोलते.

शनिवारी अख्खा दिवस तयारी. प्लग घेतले, बेल्ट घेतला, पाण्याचे पाईप, क्लचची वायर, ब्रेकचं ऑइल, पाण्याचे दोन कॅन, हत्यारांची पेटी. मी म्हटलं, "ओढायला दोरी घ्या की एक." तर अंगावर आले. "दोरी? बाई, दोरी घेतली म्हंजे मनात पाप आलं!" डिकी एवढीशी, त्यात हा संसार बसेना. काढून ठेव, परत लाव, असं संध्याकाळपर्यंत चाललं होतं. शेवटी बसलं एकदाचं.

रविवारी सहाला निघालो. पुढं मी, मागं आक्काताई. तिनं कळे गाव यायच्या आतच झोप काढली. तिला सवय आहे. मला नाही. कारण रंकाळा सुटला नाही तोवर अण्णासो म्हणाले, "बाई, एक विनंती. बोलू नका. मी आवाज ऐकतोय."

मला! पन्नास-पंचावन्न किलोमीटर! चाळीसच्या स्पीडनं! काचा खाली, रेडिओ बंद, दोन्ही बाजूंनी ऊस, मागनं दीप्तीची नवी गाडी दिवे मारतीय, आणि मी तोंड शिवून. दोनदा खोकले तर माझ्याकडं बघितलं. आयुष्यात एवढी गप्प मी सुनेसमोरसुद्धा बसले नाही.

साळवण सोडलं आणि चढ लागायच्या जरा पुढं गाडी ढप-ढप करायला लागली. अण्णासोंचा चेहरा उतरला. "बेअरिंग," म्हणाले. गाडी बाजूला घेतली. इंजिन चालूच ठेवलं, बॉनेट उघडलं, लाटणं काढलं आणि लागले ऐकायला. इथं लाव, तिथं लाव, डोळे मिटून. मागनं ग्रुपचे गणपतराव आले जीप घेऊन. ते पण वाकले. दोघांची डोकी बॉनेटमध्ये. "वॉटर पंप असंल." "न्हाय, न्हाय, टॅपेट." दहा मिनिटं!

मी खाली उतरून बघितलं होतं. डाव्या बाजूचं मागचं चाक भुईसपाट. जाडजूड खिळा घुसलेला, लांबनं दिसत होता. पण मला काय करायचंय? मला बोलायची बंदी. मी चाकाशेजारच्या दगडावर बसले आणि पेरू खाल्ला.

शेवटी वाटेत मागं राहिलेली दीप्ती आली आणि गाडीतनंच ओरडली, "पप्पा, चाक बसलंय!"

अण्णासोंनी माझ्याकडं बघितलं. "बाई, तुमी बघितलंता?"

"व्हय."

"मग सांगितलं का न्हाय?"

"तुम्हीच म्हणाला, गप्प बसा."

गणपतराव हसत सुटले. अण्णासो म्हणाले, "बरं, हरकत न्हाय, पंक्चरला काय लागतंय," आणि डिकी उघडली. प्लग निघाले. बेल्ट निघाला. पाईप, कॅन, पेटी. सगळं रस्त्याच्या कडेला ओळीनं मांडलं, बाजार भरल्यासारखा. शेवटी डिकीचा तळ दिसला. स्टेपनी नव्हती.

आक्काताई जागी झाली, काचेतनं बघितलं आणि जांभई देत म्हणाली, "ती व्हरांड्यात हाय. सामान बसंना म्हणून तुमीच काल काढून ठिवली. तिच्यावर मी मिरच्यांचं सूप ठिवलंय."

काय बोलायचं सांगा! तेहतीस वर्षं मशिनरीवर काढलेला माणूस. अख्ख्या गाडीचे सुटे भाग घेऊन निघाला आणि जागा व्हावी म्हणून चाकच घरी ठेवलं. अण्णासो खाली बसले. पहिल्यांदा बघितलं मी, त्यांच्या कानाला काही लागलेलं नव्हतं आणि तरी ते ऐकत असल्यासारखे बसले होते.  दीप्तीनं फोटो काढायला फोन बाहेर काढला होता, तो परत पर्समध्ये टाकला.

मग गणपतरावांनी जॅक लावला, चाक काढलं, जीपमध्ये टाकलं आणि पुढं गगनबावड्यात पंक्चर काढून आणलं. सव्वा तास. चाक बसवल्यावर गाडी पहिल्या चावीला उठली, अख्खा चढ चढली, वर जाऊन आली, आणि दुपारी दोनला धक्का नाही, ओढणं नाही, आपल्या पायांनी आमच्या गल्लीत शिरली.

पण दीप्ती आमच्या आधी पोचली होती आणि तिची गाडी शेडमध्ये लावून पायरीवर बसली होती.

"ही काढ," अण्णासो म्हणाले.

"का? तुम्ही हरलाय."

"धक्का मारला? ओढली?"

"चाक दुसऱ्याच्या गाडीतनं गेलं की! म्हणजे गाडीचा एक भाग ओढूनच आणला. काकू, तुम्ही सांगा."

मी म्हटलं, "अगं, चाक गेलं, गाडी तिथंच होती." पण मला स्वतःलाच पटेना. त्या सव्वा तासात मला ऊन लागलं होतं आणि पेरू एकच होता. मी म्हटलं, "तरी बी, दीप्ती म्हणते त्यात थोडं..."

दीप्तीला जोर चढला. उठून उभी राहिली. "सोडा ते धक्क्याचं. मी एकच विचारते. स्टेपनी नसलेली गाडी घेऊन घाटाकडं कोण शहाणा माणूस जातो? सांगा! असल्या गाडीला शेड पाहिजे का?"

मी अण्णासोंकडं बघितलं. आता बोला म्हटलं. ह्याला उत्तर नाही.

 अण्णासोंनी नव्या गाडीभोवती एक चक्कर मारली, मागं जाऊन उभे राहिले. "उघड डिकी."

"कशाला?"

"उघड की. बघू तुझी स्टेपनी."

दीप्तीनं डिकी उघडली. खालचं कापड उचललं. आत गॅसची भली मोठी टाकी, तिच्या शेजारी हवा भरायचा एवढासा पंप आणि एक बाटली, पंक्चरमध्ये भरायच्या औषधाची. परत कापड टाकलं, परत उचललं. जशी काय दुसऱ्यांदा उचलल्यावर स्टेपनी निघणार होती.

"ह्या मॉडेलला येतच नाही पप्पा," ती बारीक आवाजात म्हणाली. "बाटली देतात."

"बाटली," अण्णासो म्हणाले. "बरं. मग घाटाकडं स्टेपनीबिगर गाडी घेऊन कोण गेलतं? मी एकटाच गेलतो?"

"ते वेगळं..."

"वेगळं कसं? माझी निदान व्हरांड्यात तरी हाय. तुझी कुठं हाय? कंपनीत?"

आक्काताई सूप घेऊन बाहेर आली होती, ती तिथंच खाली बसली हसत. मी पंच, मला हसून चालेना, पण पोट दुखायला लागलं. दीप्तीनं माझ्याकडं बघितलं. मी हात वर केले. "बाई, नियम म्हणजे नियम. जुनी आत, नवी बाहेर."

दीप्तीनं धाडकन डिकी आपटली.

"हळू!" अण्णासो ओरडले. "नवी गाडी हाय ती! उघड परत. हळू लाव."

"पप्पा!"

"उघड म्हणतो न्हवं. अशानं लॉक जातंय. आज आवाज येत न्हाय, उद्या येईल."

बँकेत चाळीस माणसांना कामाला लावणारी ती पोरगी. तिनं डिकी परत उघडली, दोन्ही हातांनी धरून हळूहळू खाली आणली आणि टक असा बारीक आवाज होईपर्यंत दाबली. मग चावी घेतली आणि नवी गाडी मागं घेत घेत माझ्या दारात आणून लावली.