यमुनेच्या घराची चतुःसीमा

लेस्टरमधल्या एका सॉलिसिटरच्या ऑफिसात सुमेधा टिपणीसने वीसेक वर्षं लोकांच्या घरांची कागदपत्रं तपासली. दोन शेजाऱ्यांमध्ये कुंपणावरून जुंपली की फाइल तिच्याच टेबलावर यायची. २००५ साली ती निवृत्त झाली. पुढच्याच वर्षी तिच्याकडे असं एक प्रकरण आलं, ज्यातले सगळे पक्षकार केव्हाच मातीआड झाले होते.

ते आणलं हेझल पिकर्डने. हेझल पलीकडच्या गल्लीत राहायची. ऐंशीला टेकलेली, अँग्लो-इंडियन, जन्म खडकीचा. तिचं मराठी खडकीच्या बाजारात शिकलेलं होतं आणि तिथेच थांबलं होतं. तिने सुमेधाच्या डायनिंग टेबलावर एक वंशवृक्ष पसरला आणि एका रेघेवर बोट ठेवलं.

“हे बघ. सगळ्यांना सरळ लाइन. मला तुकडे तुकडे.”

रेघ खरोखरच तुटक होती. तक्त्याच्या तळाशी खुलासा होता: तुटक रेघ म्हणजे विवाहबाह्य संतती.

हॅथर्ली आणि पिकर्ड ही दोन घराणी कंपनी सरकारच्या फौजेबरोबर पुण्याला आली आणि पुढच्या तीन पिढ्या एकमेकांना मुली देत-घेत राहिली.

“साटंलोटं,” सुमेधाचा नवरा चंद्रशेखर पेपरातून डोकं न काढता म्हणाला.

या गोतावळ्याचा मूळपुरुष कॅप्टन जॉर्ज हॅथर्ली. चर्चच्या नोंदीप्रमाणे त्याने १८२९ साली अॅना नावाच्या बाईशी लग्न केलं. ती कोण, कुठली, याची नोंद नव्हती. दोन वर्षांनी जॉर्जला शार्लट ही मुलगी झाली; तिच्या पाठच्या भावंडांची आई म्हणून अॅनाचंच नाव होतं. पण शार्लटने आपल्या मृत्युपत्रात आईचं नाव यमुना असं लिहिलं होतं. यमुना म्हणजे जॉर्जचं घर सांभाळणारी बाई, असं हॅथर्ली मंडळी पिढ्यान्पिढ्या सांगत आली होती. म्हणजे लग्नाची बायको एक आणि मुलीची आई दुसरी. ही शार्लट पुढे पिकर्डांकडे दिली. हेझल तिच्याच वंशातली.

हा वंशवृक्ष आता पुस्तकात छापला जाणार होता आणि ऑक्टोबरात दोन्ही घराण्यांच्या मेळाव्यात वाटला जाणार होता. तो तयार केला होता गॉर्डन हॅथर्ली या निवृत्त रेल्वे इंजिनिअरने. त्याचा नियम साधा होता: कागद दाखवा, रेघ बदलतो.

“माझी आई ही लाइन बघून रडायची,” हेझल म्हणाली. “मी नाही रडत. पण छापून आलं की मग कायमचं.”

ती गेल्यावर सुमेधा तक्ता पाहत बसली. दोन नावं असली की बायका दोन असल्याच पाहिजेत, हे तिला पटेना. ती स्वतः माहेरची शैलजा. लग्नात तांदळात नवं नाव लिहिलं गेलं आणि ती सुमेधा झाली. इंग्लंडला येताना पदवीवर शैलजा आणि पासपोर्टवर सुमेधा, ही एकाच बाईची नावं आहेत हे पटवून देता देता तिच्या नाकीनऊ आले होते. यमुनेने लग्नाआधी बाप्तिस्मा घेतला असेल, तर ती यमुना राहिलीच नसेल.

“शंका आहे. पुरावा नाही,” ती म्हणाली.

“आपल्या साताऱ्याच्या जमिनीच्या सातबारावर तुझं नाव लावायचं राहिलंय,” चंद्रशेखर म्हणाला. “ते सोडून तू इंग्रजांच्या वारसनोंदी करत बैस.”

“तुमचे भाऊ सही देतील तेव्हा तेही करीन.”

गॉर्डनने मागितल्याबरोबर सगळ्या कागदांच्या टाइप केलेल्या नकला पाठवल्या. नीटनेटक्या, समासासकट. पहिला कागद १८२८ सालचं खरेदीखत: छावणीजवळचं एक घर, खरेदीदार यमुना. दुसरा कागद जॉर्जचं मृत्युपत्र. त्यात एक वाक्य होतं: “माझी पत्नी अॅना हिला मी घर देत नाही, कारण ती राहते ते घर आमच्या विवाहाच्या आदल्या वर्षी तिच्याच नावे घेतले असून तेव्हापासून ते तिच्या हातून गेलेले नाही.” गॉर्डनच्या मते ही दोन घरं होती. बायकोचं एक, यमुनेचं एक.

दोन्ही नकलांमध्ये एका ठिकाणी टिंबं होती. त्यांच्यापुढे गॉर्डनने लिहिलं होतं, ‘येथे नेहमीचा हद्दींचा मजकूर.’

सुमेधा खुर्चीत सरळ झाली. विलायतेत घराला नंबर असतो आणि नकाशावर लाल रेघ असते. तिकडे जुन्या कागदात घर ओळखायचं ते चतुःसीमेवरून: पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, दक्षिणेला काय, उत्तरेला काय. गॉर्डनने कंटाळून गाळलेल्या त्या चार ओळी म्हणजेच घराची ओळख होती.

त्या शनिवारी सुमेधाची मुलगी ब्रॅकनेलहून आली, तेव्हा आई बूट घालत होती.

“आई, आज पण लायब्ररी? रिटायरमेंटमध्ये तुझा सगळी वीकेंड ह्यातच जातो.”

“जातो नाही, जाते. की जातो? जाऊ दे. फ्रीजमध्ये आमटी आहे.”

लेस्टरहून सुटलेली गाडी थेट लंडनच्या सेंट पँक्रसला जाते आणि ब्रिटिश लायब्ररी तिथून चालत गेलं की आलीच. मुंबई इलाख्यातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या मृत्युपत्रांच्या प्रती तिथे आहेत. सुमेधाने जॉर्जचं मृत्युपत्र मागवलं. अक्षर तिरकं आणि दाट होतं, पण हद्दींचा मजकूर स्पष्ट होता. पूर्वेस मुरलीधर सोनाराचे घर. पश्चिमेस पिकर्डसाहेबांचे आवार. दक्षिणेस कवायतीच्या मैदानाचा रस्ता. उत्तरेस दगडी विहीर. तिने पेन्सिलने उतरवून घेतलं.

यमुनेचं मूळ खरेदीखत गॉर्डनकडे होतं, मार्केट हार्बरोजवळच्या त्याच्या घरी. सुमेधा हेझलला घेऊन तिथे गेली. गॉर्डनने आधी चहा दिला, मग पत्र्याची पेटी उघडली. उंच, शांत माणूस. त्याने खताचं जुनं इंग्रजी भाषांतर काढून सुमेधापुढे ठेवलं. तिने ते परत त्याच्याकडे सरकवलं.

“तुम्ही वाचा. गाळलेलं तेवढंच.”

गॉर्डन वाचू लागला. “पूर्वेस मुरलीधर सोनाराचे घर. पश्चिमेस पिकर्ड यांचे आवार. दक्षिणेस कवायतीच्या मैदानाचा रस्ता. उत्तरेस...”

“दगडी विहीर,” सुमेधा म्हणाली आणि आपलं टिपण त्याच्यापुढे ठेवलं.

गॉर्डनने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पुन्हा वाचले.

“घर एकच आहे, मान्य,” तो म्हणाला. “पण घर विकलं जातं. यमुनेकडून अॅनाने घेतलं असेल.”

“जॉर्ज काय म्हणतो? लग्नाच्या आदल्या वर्षी तिच्या नावे घेतलं आणि तिच्या हातून गेलं नाही. लग्न एकोणतीसचं. तुमच्या हातातलं खत?”

“अठ्ठावीसचं.”

“त्यावर नाव कुणाचं?”

गॉर्डनने चष्मा काढला. हेझलने हातातला कप बशीत ठेवला.

“म्हणजे अॅना हीच यमुना,” तो अखेर म्हणाला. “आणि मी तो मजकूर गाळला. दोन्हीकडे.”

“आमच्याकडे वकील आधी तोच वाचतात,” सुमेधा म्हणाली.

“मिस पिकर्ड,” गॉर्डन हेझलकडे वळला, “मी तुमची क्षमा मागतो. रेघ आजच बदलतो.”

“हेझल म्हण,” ती म्हणाली. “आपण नातेवाईक आहोत. आता तर पक्के.”

त्याने त्यांच्यासमोरच छापखान्याला फोन लावला. मजकूर अजून यंत्रावर चढला नव्हता. ‘अॅना, बाप्तिस्म्यापूर्वीची यमुना’ हे शब्द त्याने फोनवर दोनदा सांगितले आणि मग त्यातलं एकेक अक्षर सांगितलं.

ऑक्टोबरातल्या मेळाव्याला गावच्या हॉलमध्ये दोन्ही घराण्यांची माणसं गच्च भरली होती. भिंतीवर नवा वंशवृक्ष लावला होता. जॉर्ज आणि यमुनेपासून शार्लटपर्यंत आणि शार्लटपासून हेझलपर्यंत एकच सलग काळी रेघ उतरत आली होती. तिच्यापुढे उभं राहून लोक एकमेकांना समजावत होते की शार्लट ही जॉर्जची थोरली, म्हणजे हेझलची शाखा थोरली आणि बाकी सगळे धाकटे.

या मेळाव्याचा केक थोरल्या शाखेतल्या ज्येष्ठ माणसाने कापायचा, अशी रीत होती. गॉर्डनने सुरी उचलली, दोन पावलं चालला आणि ती हेझलच्या हातात दिली.

हेझल उठली. तिने सगळ्या हॉलवर एक नजर फिरवली आणि घाई न करता सुरी केकवर ठेवली.

“सुमेधा,” ती मराठीत म्हणाली, “ह्यांना सांग, लाइन लावा. सरळ.”